एका संगणकात अनेक संगणक : नवशिक्यासाठी मार्गदर्शिका कशी लिहावी



एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालविता येतो, ही गोष्ट प्रथमच ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते. वस्तुतः तीत चमत्कार असा काही नाही. जुन्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे नांदत असत. प्रत्येकाचा उंबरठा निराळा, चूल निराळी. परंतु पाया, आड आणि छप्पर मात्र सर्वांचे एकच. त्याचप्रमाणे एकाच यंत्रातील प्रोसेसर, मेमरी आणि हार्ड डिस्क यांची योग्य वाटणी करून त्यावर अनेक स्वतंत्र संगणक चालविता येतात. असा प्रत्येक संगणक आपण एकटेच आहोत अशा समजुतीने काम करतो. या विद्येस व्हर्च्युअलायझेशन, म्हणजेच आभासीकरण, असे म्हणतात. ज्या यंत्रावर हे बिऱ्हाड मांडले जाते तो यजमान संगणक आणि त्यात चालतो तो पाहुणा संगणक.

या विद्येचे महत्त्व मोठ्या संगणककेंद्रांपुरतेच आहे, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. ज्या घरात किंवा ज्या शाळेत एकच संगणक आहे, तेथील विद्यार्थ्यास तिची गरज अधिक आहे. संगणकाची कार्यप्रणाली शिकावयाची म्हणजे ती बसवावी लागते, बिघडवावी लागते आणि पुन्हा उभी करावी लागते. परंतु ज्या यंत्रावर घराचे हिशेब, भावंडांचा अभ्यास आणि कुटुंबाची छायाचित्रे आहेत, त्याच्याशी असा खेळ करण्याचे धैर्य कोणास होणार? पाहुणा संगणक बिघडला तर पुसून टाकता येतो. यजमानास सहसा धक्का लागत नाही. शिकणाऱ्यास निर्भयपणे चुकण्याची जागा मिळते, हाच या साधनाचा सर्वांत मोठा लाभ होय.

साधन आले कोठून?

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील आय.बी.एम. या कंपनीच्या केंब्रिज येथील शास्त्रीय केंद्रात १९६० च्या दशकातच एका मोठ्या संगणकाचे अनेक आभासी संगणक करण्याचे प्रयोग झाले आणि १९७२ मध्ये त्या कंपनीने व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. १९७४ मध्ये पोपेक व गोल्डबर्ग या शास्त्रज्ञांनी, यंत्राची रचना कशी असली म्हणजे त्याचे आभासीकरण नीट होऊ शकते, याचे नियम मांडले. घरोघरी पोहोचलेल्या छोट्या संगणकाचा प्रोसेसर त्या नियमांत बसत नव्हता. १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने आज्ञावलीच्या कौशल्याने ही अडचण ओलांडली. पुढे २००५ व २००६ या वर्षांत इंटेल आणि एएमडी या उत्पादकांनी प्रोसेसरमध्येच त्यासाठी सोय केली. तिचाच आधार घेऊन लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, केव्हीएम हा भाग जोडण्यात आला. तो फेब्रुवारी २००७ मध्ये २.६.२० या आवृत्तीबरोबर सर्वांच्या हाती आला. यंत्राच्या इतर भागांची नक्कल करणारी क्यूईएमयू ही आज्ञावली, या सर्वांचे व्यवस्थापन पाहणारी लिबव्हर्ट आणि खिडक्या-बटणांनी काम करू देणारी व्हर्ट-मॅनेजर ही केव्हीएमची सोबती साधने होत. ती मुक्त आहेत व त्यांस मोल पडत नाही.

साधन असे हाताशी असूनही नवशिका अडतो. तो बुद्धीच्या अभावी अडत नाही. बहुधा जाणत्याने क्षुल्लक मानून गाळलेल्या एखाद्या पायरीवर त्याचा पाय घसरतो आणि दोष मात्र तो स्वतःकडे घेतो. यास्तव मार्गदर्शिका लिहिणाऱ्याने एक तत्त्व ध्यानी धरणे अगत्याचे आहे. नवशिक्याची मार्गदर्शिका म्हणजे आज्ञांची यादी नव्हे. प्रत्येक पायरीनंतर ती खरोखर पार पडली की नाही, हे वाचकास स्वतः पाहता आले पाहिजे. आणि पार पडली नसेल तर मागे कोठे फिरावे, हेही तेथेच सांगितले पाहिजे.

आरंभ पडताळ्याने व्हावा

मार्गदर्शिकेच्या पहिल्याच पानावर ती कोणत्या लिनक्ससाठी, त्याच्या कोणत्या आवृत्तीसाठी आणि कोणत्या महिन्यात लिहिली आहे, हे स्पष्ट नमूद असावे. डेबियनवरील कृती फेडोरावर जशीच्या तशी लागू पडत नाही. सर्व लिनक्सना एकाच प्रकरणात कोंबण्यापेक्षा एकच निवडून तिचे वर्णन पूर्ण करणे हिताचे ठरते. पुढील उदाहरणे इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर असलेल्या यंत्रावरील डेबियन गृहीत धरून आहेत.

त्यानंतर काहीही बसविण्यापूर्वी यंत्राची परीक्षा घ्यावी. ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिली असता प्रोसेसरची माहिती पडद्यावर येते. तीत इंटेलच्या प्रोसेसरसाठी ‘व्हीएमएक्स’ आणि एएमडीच्या प्रोसेसरसाठी ‘एसव्हीएम’ ही खूण शोधावी. खूण दिसली म्हणजे प्रोसेसरला ही विद्या येते. परंतु तेवढ्याने ती वापरण्यास मोकळी आहे असे होत नाही. अनेक यंत्रांत ही सोय मूळ मांडणीतच, म्हणजे संगणक सुरू होताना दिसणाऱ्या बायॉसमध्ये, बंद ठेवलेली असते. तेथे जाऊन ती चालू करावी लागते. निरनिराळे उत्पादक तिला निरनिराळी नावे देतात, हेही मार्गदर्शिकेने सांगावे; एरवी वाचक एकच नाव शोधत बसतो. खरा पडताळा यजमानावर ‘केव्हीएम’ नावाची उपकरण-फाईल दिसते की नाही, यावरून मिळतो.

ही पायरी गाळल्यास जे घडते ते अधिक घातक असते. काम थांबत नाही. ते अतिशय मंद चालते. प्रोसेसरची मदत मिळाली नाही तर क्यूईएमयू प्रत्येक क्रियेची नक्कल आज्ञावलीच्या बळावर करते. व्हर्ट-मॅनेजर तशी सूचना देते खरी, पण नवशिका ती बंद करून पुढे जातो, तासन्‌तास वाट पाहतो आणि अखेरीस हे साधनच टाकाऊ आहे असा निष्कर्ष काढतो. चुकीचा इशारा मिळाला तर मनुष्य सावध होतो. मंदपणाचा इशारा मात्र कोणी ओळखत नाही.

परवानगी आणि जाळे

आवश्यक आज्ञावल्या बसविल्यानंतर वापरकर्त्याचे नाव ‘लिबव्हर्ट’ या गटात घालावे लागते. येथे एक वाक्य हमखास राहून जाते : गटाचे सदस्यत्व नव्याने प्रवेश केल्यावरच लागू होते. म्हणून एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावे. हे वाक्य नसल्यामुळे परवानगी नाकारल्याचा संदेश येतो आणि वाचक मग प्रत्येक आज्ञा सर्वाधिकाऱ्याच्या अधिकाराने देऊ लागतो. एका वाक्याच्या कंजुषीने वाईट सवय कायमची जडते.

दुसरा अडथळा जाळ्याचा. लिबव्हर्टबरोबर ‘डीफॉल्ट’ नावाचे एक तयार जाळे येते. पाहुण्यास यजमानामार्फत बाहेर जाता येते. बाहेरच्यास मात्र सरळ पाहुण्याकडे येता येत नाही. नवशिक्यास आरंभी एवढे पुरेसे असून सुरक्षितही आहे. परंतु डेबियनवर हे जाळे पुष्कळदा आपोआप सुरू झालेले नसते. ते एकदा सुरू करावे आणि पुढील प्रत्येक वेळी आपोआप सुरू होईल असे ठरवून द्यावे, ही दोन्ही कामे मार्गदर्शिकेत स्वतंत्रपणे यावीत. पाहुण्यास घरच्या जाळ्यावर थेट बसविणारा ‘ब्रिज’ हा प्रकार नंतरच्या प्रकरणासाठी राखून ठेवावा. विशेषतः वाय-फायवर तो सहसा साधत नाही, हे आधीच सांगितल्यास वाचकाची एक संपूर्ण संध्याकाळ वाचेल.

पहिला पाहुणा

पहिला पाहुणा लहान असावा. यजमानाची मेमरी ८ गिगाबाइट असेल तर पाहुण्यास २ गिगाबाइट द्यावी. पाहुण्याचा सत्कार करताना यजमानच उपाशी राहू नये. डिस्कसाठी २० गिगाबाइटची मर्यादा ठेवली तरी क्यूकाऊ२ या प्रकारची फाईल आरंभी तेवढी जागा व्यापत नाही; पाहुणा जसजसा लिहीत जातो तसतशी ती वाढते. हे न सांगितल्यास कमी जागेचा संगणक असलेला वाचक विनाकारण माघार घेतो. उलटपक्षी, अशा अनेक फाईली एकदम वाढू लागल्या तर यजमानाची डिस्क भरून जाते, हेही बजावले पाहिजे. कार्यप्रणालीची प्रत उतरवून घेतल्यावर तिची तपासबेरीज जुळते का, ते पाहण्याची सवय याच वेळी लावावी. अर्धवट उतरलेली प्रत पुढे अनाकलनीय बिघाड दाखविते.

पाहुणा उभा राहिल्यावर वाचक कौतुकाने ‘व्हर्श’ या साधनास पाहुण्यांची यादी विचारतो आणि यादी रिकामी येते. पाहुणा कोठेही गेलेला नसतो. एक तर तो बंद असतो आणि साधी यादी केवळ चालू असलेलेच दाखविते. किंवा वाचक भलत्याच दारी उभा असतो. लिबव्हर्टला दोन दारे आहेत : एक संपूर्ण यंत्रणेचे आणि एक प्रत्येक वापरकर्त्याचे खासगी. व्हर्ट-मॅनेजर सामान्यतः पहिल्या दाराने जाते. डेबियनवर साध्या वापरकर्त्याने दिलेली व्हर्शची आज्ञा दुसऱ्या दाराने जाते. दोन दारांची ही एक आकृती पहिल्या प्रकरणात असली तर पुढील कितीतरी प्रश्न उद्भवणारच नाहीत.

शब्दांचे भय

मराठीत अशी मार्गदर्शिका लिहिताना भाषेचा प्रश्न येतो. आज्ञा मात्र रोमन लिपीत, एक अक्षरही न बदलता छापाव्यात. कारण त्या यंत्राशी बोलावयाच्या आहेत. स्पष्टीकरण मराठीत असावे. कारण ते माणसाशी बोलावयाचे आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या भाषा संचालनालयाने विविध शास्त्रांचे परिभाषाकोश सिद्ध केले. त्यांचा उपयोग अवश्य करावा. तथापि फाईल, डिस्क, मेमरी यांसारखे रुळलेले शब्द हट्टाने हाकलून देण्याचे कारण नाही. कोणताही नवा शब्द प्रथम येईल तेथेच त्याचा अर्थ द्यावा आणि पुढे तोच शब्द शेवटपर्यंत पाळावा.

काही आज्ञांची नावेच भीतिदायक असतात. व्हर्शमध्ये ‘डिस्ट्रॉय’ नावाची आज्ञा आहे. शब्दाचा अर्थ ‘नष्ट करणे’ असा असला तरी ती पाहुण्याची डिस्क पुसत नाही. ती केवळ त्याची वीज एकाएकी तोडते. त्यामुळे न साठविलेले काम जाऊ शकते. नेहमीच्या वापरासाठी ‘शटडाऊन’ आहे. ‘अनडिफाईन’ ही आज्ञा वरकरणी सौम्य. पण ती पाहुण्याची नोंदच काढून टाकते. अशा ठिकाणी केवळ भाषांतर उपयोगी पडत नाही. परिणाम सांगावा लागतो.

हीच गोष्ट ‘स्नॅपशॉट’ची. पाहुण्याची एखाद्या क्षणाची स्थिती जपून ठेवून तेथे परत येता येते, ही सोय शिकणाऱ्यास वरदानच आहे. परंतु स्नॅपशॉट म्हणजे सुरक्षित राखीव प्रत नव्हे. तो पुष्कळदा त्याच डिस्क-फाईलमध्ये असतो. ती फाईल गेली की तोही गेला. मोलाचे काम दुसऱ्या डिस्कवर वेगळे ठेवावे, ही सूचना ठळक अक्षरांत असावी.

कसोटी

मार्गदर्शिका लिहून झाली म्हणजे काम संपले, असे नाही. ज्याने हे काम पूर्वी कधी केले नाही अशा एखाद्या विद्यार्थ्यास ती द्यावी आणि लिहिणाऱ्याने शेजारी मुकाट्याने बसावे. विद्यार्थी जेथे थांबेल, मागे पाहील अथवा अंदाजाने पुढे जाईल, ते ते स्थान कागदावर टिपावे. त्याला तोंडी उत्तर देण्याचा मोह टाळला पाहिजे; कारण दूरच्या गावी एकट्याने वाचणाऱ्याच्या शेजारी कोणीही बसलेले नसते. ते उत्तर मार्गदर्शिकेतच गेले पाहिजे. नवी आवृत्ती आली की ही कसोटी पुन्हा लावावी आणि जुन्या झालेल्या सूचना निःसंकोचपणे काढून टाकाव्यात.

तालुक्याच्या गावी एकाच संगणकावर शिकणारा विद्यार्थी याच साधनाच्या बळावर तीन-चार संगणकांचे छोटे जाळे उभारू शकतो, ते मोडू शकतो व पुन्हा उभारू शकतो. मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत जे शिकावयाचे त्यातील बराचसा भाग त्याला घरी बसून आत्मसात करता येतो. यंत्र त्याच्याजवळ आहे, साधने विनामूल्य आहेत. उरतो तो चार-पाच पायऱ्यांचा जिना. त्याची एकही पायरी गहाळ नसेल याची काळजी जाणत्याने घेतली, तर हा विद्यार्थी कोणाच्याही मदतीवाचून वर चढून जाईल.