मामांची गाडी, टेपने चिकटवलेली चिप आणि दोन चाव्या

आजचा भाग पैठणहून, घरच्या गच्चीवरून रेकॉर्ड करतोय. मध्येच उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं की, "दादा, पहिली गाडी घेतलीय, सेकंडहँड आहे, चोरीला जाऊ नये म्हणून कोणतं जीपीएस लावू?" सांगतो. पण आधी माझ्या मामांच्या गाडीचं काय झालं ते ऐका.

नाथषष्ठीला आमच्या गावात किती माणूस येतं हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. फाल्गुन वद्य षष्ठी म्हणजे एकनाथ महाराजांनी 1599 मध्ये गोदावरीत समाधी घेतली ती तिथी. लाखो वारकरी येतात. जुन्या पैठणच्या गल्ल्यांत एरवीच रिक्षा वळत नाही, तिथे यात्रेत चारचाकी कुठली! गाड्या लागतात गावाबाहेर, कुणाच्या तरी मोकळ्या वावरात. मामा शेवगावहून आले, त्यांची दहा वर्षं जुनी डिझेल गाडी अशाच एका वावरात लावली आणि आमच्याकडे मुक्कामाला राहिले. सकाळी जागेवर गाडी नाही. खाली काचेचा चुरासुद्धा नाही.

"अरे, लॉक केली होती रे मी," मामा दहादा म्हणाले. माणूस खोटं बोलत नव्हता.

मी सॉफ्टवेअरवाला. मला वाटलं, कुणीतरी लॅपटॉप जोडून चावी कोड केली असणार. तसं होतं, नाही असं नाही. बटण स्टार्टच्या गाड्यांत तर दोन चोर मिळून काम करतात. एक जण तुमच्या दारापाशी उभा राहून घरातल्या चावीचा सिग्नल ओढतो, दुसरा गाडीपाशी तो पोहोचवतो. गाडीला वाटतं, मालक आला. तुमची गाडी तशी असेल तर चावी स्टीलच्या डब्यात ठेवा. डबा कामाचा आहे का ते बघायचं असेल तर चावीसकट तो गाडीपाशी न्या आणि हँडल ओढा. दार उघडलं तर डबा बदला.

पण मामांच्या गाडीला एवढं डोकं लावायची गरजच नव्हती. चहा पिताना हळूहळू बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी चावीचं प्लास्टिक तुटलं होतं आणि गाडी कधी सुरू व्हायची, कधी नाही. साध्या चाव्यांच्या गाडीत इमोबिलायझर असतो. चावीच्या डोक्यात बारीक चिप, इग्निशनभोवती कॉइल. चावी घातली की कॉइल चिपचा कोड वाचते. तो जुळला नाही तर स्टार्टर फिरला तरी इंजिन चालत नाही. तर ही चिप सैल झाली होती. नवीन चावी कोडिंगसकट घ्यायची तर काही हजार लागत होते. एका इलेक्ट्रिशियनने काय केलं? चिप काढली आणि स्टेअरिंगखालच्या कव्हरमध्ये, कॉइलला खेटून, टेपने चिकटवून टाकली. कायमची. वर दोन साध्या चाव्या बनवून दिल्या.

म्हणजे पासवर्ड कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवल्यासारखं. आमच्या ऑफिसात कुणी असं केलं असतं तर त्याच दिवशी मीटिंग बसली असती. इथे मामा खूश, इलेक्ट्रिशियन खूश, गाडी एका स्टार्टरवर सुरू. त्यात मागच्या डाव्या दाराचं सेंट्रल लॉक वर्षभर अडकत होतं. बटण दाबलं की "टक" आवाज यायचा, पण ते दार लागलंय का हे कुणी हाताने ओढून बघितलं नव्हतं. मग चोराला काय लागलं? एक दार आणि झिजलेला इग्निशन स्विच.

म्हणून जीपीएसच्या आधी मी तुम्हाला मेकॅनिककडे पाठवणार. चारही दारं आणि डिकी लॉक करून हाताने ओढून बघा. जुनी गाडी घेतली असेल तर चावीत चिप आहे का, आणि गाडी ती चिपच वाचतेय का, हे तपासून घ्या. बॅटरी बघा. मराठवाड्याच्या उन्हात ती लवकर दम सोडते, आणि बॅटरी बसली की अलार्म आणि लॉकही तिच्यासोबत बसतात. आमच्याकडे आणखी एक. ऊस तुटला की उंदीर वावरातून घराकडे येतात आणि बॉनेटमध्ये शिरून वायरी कुरतडतात. गाडी आठ-आठ दिवस उभी असेल तर बॉनेट उघडून बघत जा. हे सगळं झालं की खुशाल ट्रॅकर लावा, शक्यतो डॅशबोर्डच्या आत, दिसेल असा नको. स्टेअरिंगचं लोखंडी कुलूप मात्र दिसेल असंच लावा. त्याचा उपयोगच तो.

आता पैशांचं. पोलिसांनी गुन्हा लगेच नोंदवला, त्यात काही अडचण आली नाही. अडलं ते विम्यात. चोरीच्या क्लेमला कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. मामांकडे होत्या बाजारातल्या दोन. एक मूळ चावी लग्नात हरवलेली, दुसरीची चिप गाडीबरोबरच गेलेली. तपासाला आलेल्या माणसाने चाव्या हातात घेतल्या आणि विचारलं, "यांत चिपच नाही, मग गाडी सुरू कशी व्हायची?" मामा माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार?

तेव्हा चावी हरवली तर त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा, नवीन घ्या, पावती जपा. गाडी गेलीच तर आधी 112, मग एफआयआर. पैठणची गाडी पुण्यात गेली तरी कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर देता येतो. विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की पोलिसांत तक्रार लगेच दिली असेल आणि चोरी खरी ठरली असेल, तर फक्त कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही. पण कोर्टापर्यंत जायची हौस कुणाला? गाडी सापडलीच नाही तर पोलिसांकडून 'अ समरी' घ्यावी लागते, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. त्याला महिने जातात. आणि फास्टॅगचा टोल कापल्याचा मेसेज आला तर तो पोलिसांना दाखवा, रागाने आधी टॅग बंद करू नका.

मामांचा क्लेम कंपनीने नाकारला. कंपनीकडे लेखी तक्रार केली, महिनाभर वाट बघितली, आता विमा लोकपालाकडे अर्ज केलाय. त्याला फी लागत नाही, वकीलही लागत नाही. निकाल यायचाय. आला की सांगेन, जो असेल तो.

दरम्यान त्यांनी दुसरी जुनी गाडी घेतली. घेण्याआधी मी एनसीआरबीच्या 'वाहन समन्वय'वर नंबर टाकून ती चोरीची नाही ना, हे बघितलं. 2019 च्या एप्रिलआधीची गाडी असल्यामुळे उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवून घेतली. दुसरी मूळ चावी मामांनी शेवगावला नेलीच नाही. आमच्या देव्हाऱ्याखालच्या खणात आहे, आईच्या ताब्यात. परवा मामांनी फोन करून आईला विचारलं, "ताई, चावी हाये ना गं जाग्यावर?"

पुढच्या भागात टायर. भेटू.