तीन नंबरचं काळं जॅकेट

मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांवर बोललो होतो. त्यानंतर बऱ्याच जणींनी निरोप धाडला की ताई, आता जरा वेगळं काहीतरी सांगा. म्हणून आज मी मोटारींच्या शर्यतीवर बोलणार आहे. हसू नका. मला स्कूटीसुद्धा धड चालवता येत नाही हे गटातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण या शर्यतीची गोष्ट आमच्याकडे शिवायला आलेल्या एका जॅकेटातून निघाली. आणि शिवणकामाबद्दल मी बोलू शकते.

माझ्या मोठ्या नणंदबाई अमेरिकेत शार्लट नावाच्या शहरात राहतात. त्या दिवाळीला सोलापूरला आल्या तेव्हा त्यांच्या बॅगेत एक काळं जॅकेट होतं. पाठीवर मोठा तीन आकडा. काखेत अस्तर फाटलेलं, बाहीच्या तोंडाची विण सैल पडलेली, चेन अर्ध्यावर अडकलेली, छातीवरचा एक बिल्ला एका कडेनं सुटलेला. मी म्हटलं, वन्सं, हे कुणाचं? तर म्हणाल्या, आमच्या शेजारच्या आजींचं. म्हणजे त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचं. तिकडे दुरुस्तीला फार पैसे सांगतात आणि करणारंही सहज मिळत नाही. वहिनी, तुमच्या गटातल्या बायकांचा हात चांगला आहे, तर एवढं करून द्या. पण आजींची एक अट आहे. डाव्या बाहीवर ऑइलचा डाग आहे, तो काढायचा नाही.

डाग काढायचा नाही, असं सांगणारं गिऱ्हाईक आम्ही पहिल्यांदाच बघितलं. ते का, हे समजायला आधी ती शर्यत समजली पाहिजे.

तिकडे तिला स्टॉक कार रेसिंग म्हणतात. स्टॉक म्हणजे दुकानात विक्रीला असते तशी, साधी, घरगुती वापराची मोटार. तिलाच आतून मजबूत करून पळवायचं, ही मूळ कल्पना. आज त्या गाड्या खास बांधलेल्या असतात, वरचं रूप तेवढं दुकानातल्या गाडीसारखं. अंडाकृती मैदानात डावीकडे वळत राहायचं, दोनशे दोनशे फेऱ्या. नॅस्कार नावाची संस्था या शर्यती भरवते. तिची पहिली बैठक डिसेंबर १९४७ मध्ये डेटोना बीच गावातल्या एका हॉटेलात झाली. तिथलं मोठं मैदान १९५९ पासून चालू आहे. एक फेरी चार किलोमीटरची, आणि वळणावरचा रस्ता ३१ अंशांनी कललेला. एवढ्या उतारावर माणूस नीट उभाही राहू शकत नाही, त्यावरून मोटारी धावतात.

हा खेळ अमेरिकेच्या दक्षिण भागात वाढला. पहिल्या पिढीतले बरेच चालक हातभट्टीची दारू वाहणारे होते. रात्री डोंगरातल्या रस्त्यांवरून पोलिसांना चुकवत गाडी हाकायची, त्यातून हात बसलेला. ज्युनिअर जॉन्सन नावाचा पन्नास शर्यती जिंकलेला चालक याच भट्टीपायी तुरुंगात जाऊन आला. पुढे १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. तिकडे ही गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगतात. आपण भट्ट्या बंद करायला पहाटे लाटणी घेऊन बाहेर पडलेल्या बायका, त्यामुळे मला काही तेवढं कौतुक वाटलं नाही.

तर तीन नंबर. हा नंबर डेल अर्नहार्टचा. नॉर्थ कॅरोलायना राज्यात कनापोलिस म्हणून गाव आहे, तिथला हा मुलगा. कनापोलिस म्हणजे मिलचं गाव. कॅनन मिल्स नावाची कंपनी तिथे टॉवेल आणि चादरी विणायची, नि या मालात ती जगातल्या सगळ्यात मोठ्या मिलपैकी एक होती. गावातली घरं मिलची, रस्ते मिलचे. गावाला स्वतःची नगरपालिका मिळाली ती थेट १९८४ मध्ये. टॉवेल, चादरी, मिल. सोलापूरच्या बायकांना याहून जास्त काय सांगायचं? फक्त चिमणी आणि भोंगा डोळ्यांपुढे आणा.

डेलचे वडील मिलमध्ये काम करून शर्यती खेळायचे, पुढे शर्यतीवरच पोट चालवायला लागले. १९७३ मध्ये ते अचानक वारले. डेलनं शाळा नववीतच सोडलेली. सतराव्या वर्षी लग्न, मग मिळेल ते काम, आणि उसनवारी करून शर्यत. असा मुलगा सात वेळा देशाचा विजेता झाला. आधी त्याची गाडी निळी-पिवळी असायची, रँगलर जीन्सच्या जाहिरातीची. १९८८ पासून ती काळी झाली. तो दुसऱ्याच्या गाडीला मागून धक्का द्यायचा, वाट दिली नाही तर ढकलून पुढे जायचा. अर्ध्या लोकांना तो आवडायचा नाही. पण मिलमध्ये पाळी करणाऱ्यांना तो आपला वाटायचा. आमच्या आजी त्या मिलमध्ये टॉवेलच्या कडा शिवायच्या. नवरा त्याच मिलमध्ये मेकॅनिक. रविवारी चर्चमधून आलं की घराघरात शर्यत लागायची, आणि त्याचा नवरा-बायकोत सोमवारच्या पाळीपर्यंत वाद चालायचा, कारण आजींना दुसराच चालक आवडायचा.

त्यातला एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. डेलनं सगळं जिंकलं, पण डेटोनाची मोठी शर्यत काही जिंकेना. एकदा शेवटच्या फेरीत टायर फुटला. एकोणीस वेळा हुकली. १९९८ मध्ये, शर्यतीच्या आदल्या दिवशी, व्हीलचेअरवरच्या एका सहा वर्षांच्या मुलीनं त्याला एक पेनीचं नाणं दिलं. एक पेनी म्हणजे आपला एक पैसा म्हणा. त्यानं ते गाडीत समोरच्या पट्टीवर चिकटवलं आणि ती शर्यत जिंकली. गाडी परत येत होती तेव्हा बाकीच्या सगळ्या संघांचे कामगार रस्त्याच्या कडेला ओळीनं उभे राहिले आणि त्याच्याशी हात मिळवायला लागले. ज्यांच्या गाड्या त्यानं वर्षानुवर्षं ढकलल्या होत्या, ते लोक. वन्संनी मला याचा व्हिडिओ दाखवला. भाषा कळत नव्हती, तरी आम्ही चौघीजणी मशीन थांबवून बघत बसलो.

तीन वर्षांनी, १८ फेब्रुवारी २००१ ला, त्याच मैदानात, त्याच शर्यतीच्या शेवटच्या फेरीत त्याची गाडी भिंतीवर आदळली आणि तो गेला. वय ४९. त्या वर्षभर प्रत्येक शर्यतीच्या तिसऱ्या फेरीला प्रेक्षक उभे राहून तीन बोटं वर करायचे.

आणि जुलै २००३ मध्ये मिल बंद झाली. मालक बदलत बदलत ती पिलोटेक्स नावाच्या कंपनीकडे गेली होती. एका दिवसात नॉर्थ कॅरोलायनातल्या साडेचार हजारांहून जास्त माणसांचं काम गेलं. त्यात आजीही होत्या. पुढे मिल पाडून टाकली. आज अमेरिकेतल्या दुकानांत भारतात विणलेले टॉवेल ढिगानं विकले जातात, हे खरं आहे. पण म्हणून त्यांची भाकरी आपल्या ताटात आली, असं मात्र कुणी म्हणू नये. आपल्याकडेही १८७७ ची जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंगगिरजी गेली. आमच्या गटात बारा जणी आहेत, त्यातल्या सात जणींचे वडील किंवा सासरे मिल कामगार होते.

आता जॅकेटकडे येते. मालक गेला, चालक गेला, मिल गेली, आणि हे कापड राहिलं. तो डाग नवऱ्याच्या हातचा होता. आमच्यातल्या एक अक्का आहेत, पद्मशाली घरातल्या, वयानं साठीच्या. काम त्यांनी घेतलं. नवा काळा दोरा लावला तर तो जुन्या काळ्यावर डोळ्यात खुपतो. म्हणून त्यांनी मातकट काळा दोरा शोधला. अस्तर बदललं नाही, रफू केलं. बिल्ला पूर्वीच्याच टाक्यांच्या भोकांतून हातानं शिवला. चेनचा रनर तेवढा नवा टाकला. आतल्या पट्टीवर मेड इन यूएसए लिहिलं होतं. अक्कांनी ती वाचून घेतली आणि विचारलं, म्हणजे हे शिवणाऱ्या बायकांचंही काम गेलं असेल का ग? अमेरिकेतली कपडे शिवायची बहुतेक कामं नंतर बाहेरच्या देशांत गेलीत, एवढं मी त्यांना सांगितलं.

अशा जुन्या जॅकेटांना आणि टी-शर्टांना तिकडे सध्या फार मागणी आहे. दक्षिणेत डार्लिंग्टन नावाचं एक जुनं मैदान आहे, १९५० सालचं. तिथे २०१५ पासून वर्षातली एक शर्यत जुन्या काळाच्या आठवणीची असते. गाड्यांना जुने रंग देतात आणि प्रेक्षक ट्रंकेतले जुने कपडे घालून येतात. रंगांची मजा अशी की ते सगळे जाहिरातींचे असतात. आपण वापरतो त्या टाइड साबण पावडरचीही एक भगवी गाडी होती, १९८७ पासून डॅरेल वॉल्ट्रिप ती चालवायचा.

पण सगळ्यांच्याच आठवणी गोड नाहीत. वेंडेल स्कॉट नावाचा कृष्णवर्णीय चालक १ डिसेंबर १९६३ ला जॅक्सनव्हिलची शर्यत जिंकला. पण आयोजकांनी दुसऱ्यालाच विजेता म्हणून पुकारलं आणि ट्रॉफी देऊन टाकली. नंतर निकाल दुरुस्त झाला. त्याच्या घरच्यांना मानाची ट्रॉफी मिळाली २०२१ मध्ये, तोवर तो हयात नव्हता. बायकांचंही तसंच. १९४९ मध्ये डेटोनाच्या वाळूवर तीन बायका शर्यतीत उतरल्या होत्या. त्यातल्या एथेल मोब्लीनं आपल्या तीन भावांपैकी दोघांना मागे टाकलं. लुईस स्मिथचा किस्सा तर ऐकाच. फिरायला जाते सांगून ती नवऱ्याची नवी फोर्ड घेऊन डेटोनाला गेली, शर्यतीत उतरली आणि गाडी उलटीपालटी केली. घरी येऊन म्हणाली, गाडी वाटेत बंद पडली. नवऱ्यानं वर्तमानपत्र पुढे केलं, त्यात मोडक्या गाडीचा फोटो. एवढ्या धीराच्या बायका सुरुवातीला होत्या, आणि नंतर कितीतरी वर्षं बायकांनी गाड्यांच्या आवारात यायचंच नाही असा दंडक. अपशकुन म्हणे. हिरवी गाडी अपशकुनी, शेंगांची टरफलंही अपशकुनी. म्हणजे आपली शेंगाचटणी घेऊन गेलो असतो तर आपल्याला दोनदा हाकललं असतं.

आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं. हे जॅकेट आम्ही केलं ते ऐकून एक बाहेरगावचा व्यापारी आमच्याकडे आला. सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे हात भरपूर, हे त्याला माहीत होतं. त्याला टी-शर्ट हवे होते, जुने दिसणारे. तुम्ही आत्ता अंगावरच्या किंवा घरातल्या कुणाच्या टी-शर्टची बाही उलटून बघा. कडेला दोन समांतर टिपा दिसतील. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या टी-शर्टांना तिथे बहुतेक एकच टीप असायची. जुन्या मालाचे गिऱ्हाईक आधी तेच बघतात. तर व्यापाऱ्याला एक टीप हवी, कापड धुऊन घासून विटकं केलेलं हवं. इथवर ठीक. विटकी जीन्स आपली पोरंही हौसेनं घेतात, आणि ती नवी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याला आत जुन्या सालाची पट्टीही लावून हवी होती. पीसमागे नेहमीच्या दीडपट पैसे.

बैठकीत दोन तास बोलणं झालं. एक ताई म्हणाली, फसला तर अमेरिकेतला श्रीमंत फसेल, आपलं काय जातं? तिच्या पोराची फी भरायची होती, त्यामुळे तिला मी चूक म्हणणार नाही. पण आम्ही पट्टीला नाही म्हटलं. त्या नावांचे, नंबरांचे हक्क कुणाचे तरी असतात आणि खोटी पट्टी सापडली तर सही गटाची असते, हे एक कारण. दुसरं कारण अक्कांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या म्हातारीच्या डागासारखा डाग उद्या आपल्याला करायला सांगतील. विटकं कापड आणि एक टीप आम्ही करून देतो, पट्टी नव्या सालाची लावा, असं व्यापाऱ्याला कळवलं. त्यानं सगळंच काम दुसरीकडे दिलं. गटाचं तेवढं उत्पन्न बुडालं, आणि दोघीजणी अजून माझ्याशी तुटकच बोलतात.

जॅकेट वन्संबरोबर परत गेलं. आजींनी व्हिडिओ कॉल केला तेव्हा त्यांनी जॅकेट आधी उलटं करून आतली बाजू पाहिली, शिवणकाम करणारी बाई पाहते तशी. दोरा कुठे मिळाला ते विचारलं. पैसे पाठवले, शिवाय अक्कांसाठी कडेला निळी पट्टी असलेला त्यांच्या मिलचा एक जुना टॉवेल. अक्कांनी तो वापरायला काढलेला नाही.

त्यावरून आमच्या बैठकीत निघालं की आपल्याकडे मिलचं काय उरलंय? बऱ्याच जणींनी वडिलांचे जुने कपडे भांडेवालीला देऊन एखादी परात घेतलेली. एकीकडे पगाराच्या खिडकीवर दाखवायचा पितळी बिल्ला निघाला, एकीकडे चादरीचा नमुना. तुमच्या ट्रंकेत असं काही असेल तर मंगळवारी दुपारी गटाच्या खोलीवर घेऊन या. आम्ही ठेवून घेणार नाही. फाटलं असेल तर रफू करून देऊ, आणि सुती कापडाच्या पट्टीवर नाव, मिल, खातं आणि पाळी भरतकामानं लिहून आतून शिवून देऊ. साल नक्की आठवत नसेल तर ती जागा मोकळी ठेवू.