वेष्टनावरील शब्द आणि रुग्णाचा विश्वास

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आहारशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आमच्या डॉक्टरांचा व आहारतज्ज्ञांचा आहे. परंतु ताळेबंद वाचण्याची सवय असलेल्या माणसाला खाद्यपदार्थाचे वेष्टन पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. दर्शनी बाजूस जाहिरात असते आणि हिशेब मागच्या बाजूस, बारीक अक्षरांत असतो. रुग्णाच्या भेटीस येणारे आप्त बहुधा दर्शनी बाजू वाचूनच खरेदी करतात. मधुमेही आजोबांसाठी ‘शुगर फ्री’ बिस्किटे येतात, शस्त्रक्रिया झालेल्या वहिनींसाठी ‘शक्तिवर्धक’ पावडर येते. या खरेदीमागे माया असते. म्हणूनच त्या शब्दांची जबाबदारी अधिक मोठी ठरते.

कायद्याने ही जबाबदारी ओळखली आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 मधील कलम 53 अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात व दावे यांविषयीच्या 2018 च्या विनियमांनी, जे 1 जुलै 2019 पासून लागू झाले, शब्दांना मोजमाप दिले. 100 ग्रॅम घन पदार्थात साखर 5 ग्रॅमहून अधिक नसेल तरच ‘कमी साखर’ आणि 0.5 ग्रॅमहून अधिक नसेल तरच ‘साखरविरहित’ म्हणता येते. अन्नपदार्थ रोग बरा करतो, असे छापण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे.

एप्रिल 2024 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना सूचना दिली की, दूध, तृणधान्ये वा माल्टयुक्त पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली विकू नयेत. कारण अशी संज्ञा कायद्यात परिभाषितच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये, आटवलेल्या रसात पाणी मिसळून तयार केलेल्या पेयांवरील ‘100 टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकण्याचा आदेश निघाला. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेष्टनाच्या दर्शनी बाजूवरील पोषणमाहितीबाबत तीन महिन्यांत शिफारशी तयार करण्याचा निर्देश दिला.

तथापि, अक्षरशः खरा असलेला दावाही रुग्णास अपुरा पडू शकतो. मैदा व माल्टोडेक्स्ट्रिन यांची गणना साखरेत होत नाही. पचनानंतर मात्र त्यांचे ग्लुकोजच होते. ताळेबंदातील एक आकडा बिनचूक असला म्हणजे संस्था सुस्थितीत आहे, असे कोणी लेखापरीक्षक म्हणणार नाही.

यास्तव तीन गोष्टी पाहाव्यात, अशी माझी विनंती आहे. पहिली, घटकांची यादी; ती प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे आरंभीची नावे महत्त्वाची. दुसरी, 100 ग्रॅममागील साखर, मेद व सोडियमचे आकडे. तिसरी, एका वाढणीचे वजन. कारण दैनंदिन गरजेची टक्केवारी त्याच वाढणीवर काढलेली असते आणि आपण मात्र अख्खा पुडा संपवतो. ही टक्केवारी काढताना दिवसाला 2000 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम मीठ, हा आधार धरलेला असतो.

यंदा एका पेय उत्पादकाने आपल्या उपाहारगृहास विनामूल्य शीतकपाट आणि बाह्यरुग्ण विभागातील फलकासाठी वार्षिक रक्कम देऊ केली होती. आपल्या अंदाजपत्रकात ती रक्कम क्षुल्लक नव्हती. विश्वस्त मंडळाने पूर्ण विचारांती हा प्रस्ताव नाकारला. रुग्णालयाच्या भिंतीवर जे लिहिलेले असते, ते रुग्ण डॉक्टरांचा सल्ला म्हणूनच वाचतो. त्या फलकावर आरोग्याचा एक शब्द नसता, तरीही ती आपली शिफारसच ठरली असती, आणि अशा मूक शिफारशीस कोणत्याही विनियमाचे मोजमाप लागत नाही.

त्या जागी आता आहारतज्ज्ञांनी तयार केलेला, वेष्टन कसे वाचावे हे सांगणारा मराठी तक्ता लावण्यात येत आहे. नाकारलेल्या रकमेची तूट भरून काढणे मात्र आपणा सर्वांच्या उदार हातांवर अवलंबून आहे. रुग्णाचा विश्वास हे या संस्थेचे मूळ भांडवल. ते अबाधित राखण्यास आपले साहाय्य लाभावे, ही नम्र प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.