पट्ट्यासाठी लढलो, बाळंतिणीसाठीही लढू
(सातपुड्यातल्या पाड्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आया-बायांनो, भावांनो, दाईमावश्यांनो,

आज आम्ही बाळंतपणावर बोलायला उभे आहोत. काही जण म्हणतील, जमिनीच्या संघटनेत हा विषय कशाला? तर ऐका.

गेल्या पावसाळ्यात आमच्या पाड्यातल्या एका वहिनीला रात्री कळा सुरू झाल्या. रेंज टेकडीवरच येते, म्हणून १०८ ला फोन लावायला एक पोरगा टेकडीवर पळाला. गाडी आली, पण रस्ता नाही म्हणून ओढ्यापलीकडे थांबली. आम्ही बांबूला गोधडी बांधून झोळी केली, वहिनीला खांद्यावर घेतलं. ओढ्याला पूर होता. पाणी उतरायची वाट बघत बसलो, तिथंच बाळ झालं. वहिनी वाचली, बाळ नाही वाचलं. नंतर विचारायला गेलो तर साहेब म्हणाले, "तुम्ही आधीच यायला पाहिजे होतं." आधी म्हणजे कधी? आणि कशावर बसून?

आता जमिनीचं आठवा. २००६ च्या आधी आपण आपल्याच जमिनीवर अतिक्रमणवाले होतो. वनहक्क कायदा झाला आणि आपण दावेदार झालो. दावा फेटाळला तर कारण लेखी मागितलं, अपील केलं. कायद्यानं सगळं मिळालं असं नाही, पण भांडायला जागा मिळाली. पट्ट्यावर नवऱ्यासोबत बायकोचंही नाव आलं.

बाळंतपणाचं मात्र अजून योजनेवरच चाललंय. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला किमान ६,००० रुपये लिहिलेत. २०१७ ला योजना आली ती ५,००० ची, अन् तीही पहिल्याच बाळाला. पुढे, दुसरी मुलगी झाली तर, अशी भर घातली. दुसरा मुलगा झाला तर त्या बाईला भूक लागत नाही का?

आरोग्य हा विषय घटनेनं राज्याकडे दिलाय. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. मग महाराष्ट्राच्या विधानसभेनं बाळंतिणीसाठी कायदा का करू नये? त्यात आपल्याला हे पाहिजे:

१. अंतर डोकी मोजून नाही, चाल मोजून ठरवा. डोंगरी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र हा नियम आहे. पण आपले पाडे विखुरलेले. एवढी माणसं भरायला किती डोंगर ओलांडावे लागतात ते साहेबांनी चालून बघावं.

२. दिवस भरत आलेल्या बाईला पावसाळ्यात दवाखान्याजवळ राहायची सोय, सोबतच्या बाईला जेवण आणि बुडालेली मजुरी. मेहरबानी म्हणून नाही, हक्क म्हणून.

३. ऊसतोडीला गुजरातला गेलेल्या बाईचं नाव यादीतून कटता कामा नये. ती परत आली की राहिलेली तपासणी आणि पैसे मिळालेच पाहिजेत.

४. आई किंवा बाळ दगावलं तर चौकशीचा कागद ग्रामसभेत वाचून दाखवा. चूक कोणाची, हे ज्यांचं माणूस गेलं त्यांना कळू द्या.

५. दाईमावशीला हाकलू नका. तिला शिकवा, मान द्या, बाळंतिणीसोबत दवाखान्यात आत जाऊ द्या. आपल्या बाईला तिच्या बोलीत धीर देणारी तीच असते.

पण कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. वनहक्क कायद्याचं कलम ३(२) आपल्या हातात आहे. दवाखाना, अंगणवाडी, रस्ता यांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीनं देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, एवढी अट आहे. "वनजमीन आहे म्हणून रस्ता होत नाही" असं कोणी म्हणालं तर हे कलम पुढे ठेवा.

म्हणून प्रत्येक पाड्यानं दोन कामं करायची. गरोदर बायांची यादी बायांनीच करायची, कोणाचे दिवस कधी भरतात ते लिहायचं. आणि पुढच्या ग्रामसभेत दोन ठराव घ्यायचे, एक ओढ्यावरच्या रस्त्याचा, एक या कायद्याच्या मागणीचा. ठरावावर बायांच्या सह्या, अंगठे आधी, बाप्यांचे नंतर.

जमीन कसायला माणूस जगला पाहिजे, आणि माणूस जगायला आई जगली पाहिजे.

जमीन हक्काची, बाळंतपणही हक्काचं!
जिंदाबाद!