मुरूम, कॅप्सूल आणि रात्रीचा सिग्नल

(बनी पार्क येथील गणेशोत्सवात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला आरोग्यावर चार शब्द बोलायला सांगितले. मी विषय कळवला, ‘मुरूम’. त्यावर एका ज्येष्ठ सभासदांचा फोन आला, "अहो, खात्याचं नको, आरोग्याचं बोला." त्यांचं चुकलं नाही. आम्हा पी-वेवाल्यांच्या तोंडी मुरूम म्हणजे बांधावर पसरायचा मुरूम. मी बोलणार आहे तो चेहऱ्यावरचा, ज्याला पुस्तकात तारुण्यपीटिका असं गोंडस नाव आहे. माझ्या गालावरच्या गाठींना ते नाव शोभत नव्हतं.

सोलापूरला डिप्लोमा करताना त्या सुरू झाल्या. गाल, हनुवटी, पाठ. उशीच्या अभ्र्यावर डाग पडत. आईने मुलतानी माती लावली, शेजारच्या काकूंनी "लग्न झालं की जातील" असं निदान केलं. तिसऱ्या वर्षी मी एका औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय, एक ट्यूब आणली. आठ दिवसांत चेहरा गुळगुळीत! मी ती जवळजवळ वर्षभर चोळली. बंद केली की चेहरा लालबुंद होऊन जळायचा, उन्हात उभं राहवेना आणि गाठी दुपटीने यायच्या. म्हणून परत तीच ट्यूब. त्यात स्टेरॉइड होतं हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. स्टेरॉइड सूज दाबतं, म्हणून बरं वाटतं. आतून मात्र कातडी पातळ होत जाते. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारने २०१८ साली नियम कडक केले. तरी गेल्याच महिन्यात आमच्या ऑफिसातल्या एका पोराच्या खिशात मला तसलीच ट्यूब दिसली.

२००३ मध्ये रेल्वेत लागलो आणि जयपूरला आलो. २००९ मध्ये घरी माझ्यासाठी मुली पाहायला सुरुवात झाली. फोटो पाहून दोन ठिकाणांहून नकार आला, तेव्हा कुठे मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आइसोट्रेटिनॉइन हे औषध सुचवलं. हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध. अमेरिकेत १९८२ साली त्याला मान्यता मिळाली. आपल्या कातडीत तेलाच्या ग्रंथी असतात. त्यांचं तोंड बुजलं की आत तेल साचतं, जंतू वाढतात, सूज येते. रुळाशेजारचा नाला तुंबला की बांधाचं जे होतं तेच. मलमं नाला साफ करतात. हे औषध पाणी येणंच कमी करतं, म्हणजे ग्रंथीच आकसते.

हिशोबही माझ्या पसंतीचा होता. वजनाच्या दर किलोमागे एकूण १२० मिलिग्रॅम. माझं वजन ६०, म्हणजे ७२०० मिलिग्रॅम. रोज ३० घेतले तर २४० दिवस. आधी यकृताची आणि रक्तातल्या चरबीची तपासणी झाली. कॅप्सूल स्निग्ध जेवणाबरोबर घ्यायची असते, तेव्हा बाटीवर तूप ओढायला मला डॉक्टरांचीच परवानगी मिळाली असं मी समजलो. महिन्याने ट्रायग्लिसराइड वाढलेले निघाले आणि ती परवानगी गेली.

ऑक्टोबरात सुरुवात केली. पहिल्या महिन्यात गाठी उलट वाढल्या. तसं होऊ शकतं, हे सांगितलेलं होतं. मग ओठ. डिसेंबरात इथला कोरडा वारा आणि हे औषध, दोन्ही एकदम. हसलं की ओठ फाटायचे. नाकातून रक्त यायचं. कंबर धरायची, पण रूळ तुडवणाऱ्याची कंबर धरतेच म्हणून मी लक्ष दिलं नाही. चेहरा मात्र खरोखर निवळत होता.

जानेवारीत रात्री धूसर दिसू लागलं. थंडीत रूळ आकुंचन पावतात आणि तुटायचा धोका असतो, म्हणून आमची रात्रीची गस्त याच दिवसांत वाढते. फलाटाच्या उजेडातून यार्डाच्या अंधारात उतरलो की डोळ्यांना काही सुचेना. मी धुक्याला दोष दिला. मग एका रात्री इंजिनात, फुटप्लेटवर तपासणीला होतो. धुकं नव्हतं. लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नलचा रंग एकमेकांना पुकारत होते, आणि प्रत्येक वेळी मला तो त्यांच्यानंतर दिसत होता.

बंधू-भगिनींनो, यानंतर मी दहा दिवस गप्प राहिलो. मला सांगायला लाज वाटते, पण तसं झालं. ट्रॉली चालवणाऱ्याला ए-३ वर्गाची दृष्टी लागते. मेडिकलमध्ये वर्ग खाली आला तर काम बदलणार, बढतीचं काय, आणि लग्नाच्या बाजारात मुरमांच्या जागी डोळे. त्या दहा दिवसांत मी तीन रात्री लाइनवर गेलो. तिसऱ्या रात्री मी पॉइंटच्या रॉडला अडखळून पडलो. आमच्या गँगचा मेट काही विचारत बसला नाही. माझ्या हातातली बत्ती घेतली आणि म्हणाला, "साब, आप पीछे चलो, आगे मैं देखता हूँ."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना आणि साहेबांना, दोघांनाही सांगितलं. अंधारात पाहण्यासाठी डोळ्याच्या पडद्याला ‘अ’ जीवनसत्त्व लागतं, आणि हे त्याच कुळातलं औषध कधीकधी त्या कामात अडथळा आणतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. औषध बंद. साहेबांनी मला रात्रीच्या कामातून काढलं, पण वर्ग वगैरे काही गेला नाही. आईने फोनवर "रोज गाजर खा, जीवनसत्त्वाच्या गोळ्या घे" असा लकडा लावला. गाजर खा, गोळ्या मुळीच नको, असं डॉक्टर म्हणाले. ‘अ’ची भर पडली तर दुष्परिणाम वाढतात. काही आठवड्यांनी नजर पूर्ववत झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्यावरच मी रात्री लाइनवर उतरलो.

७२०० पैकी सुमारे ३००० वरच माझं काम थांबलं. काही गाठी परत आल्या, त्या मलमांवर आटोक्यात राहिल्या. खड्डे तुम्हाला समोर दिसतच आहेत. औषध वाईट आहे असं मी म्हणणार नाही. माझ्याबरोबर सुरू केलेल्या एका सहकाऱ्याचा कोर्स ओठ फुटण्यापलीकडे काही न होता पार पडला, आणि त्याचा चेहरा आजही स्वच्छ आहे.

भगिनींना एक गोष्ट संकोच सोडून सांगतो. गर्भारपणात हे औषध पोटात गेलं तर बाळाच्या मेंदूत, हृदयात, चेहऱ्यात गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून सुरू करण्याआधी महिनाभर, घेत असताना आणि थांबवल्यावर महिनाभर दिवस राहता कामा नयेत. मुलीला लिहून दिलेली कॅप्सूल वहिनीने घेऊन पाहावी, असला प्रकार घरात होऊ देऊ नका.

यावरूनच आठवलं. उद्या सकाळी इथेच मंडळाचं रक्तदान शिबिर आहे. ही कॅप्सूल चालू असेल, किंवा बंद करून महिना झाला नसेल, तर रक्त देऊ नका. ते एखाद्या गर्भवतीला चढवलं जाऊ शकतं. चारचौघांत सांगायला अवघड वाटलं तर फॉर्मच्या टेबलावर मीच बसणार आहे, माझ्या कानात सांगा.