पान आपोआप उलटते तेव्हा

संगणकावरील प्रश्नावली आपणांपैकी पुष्कळांनी भरली असेल. उत्तरावर बोट टेकताच पान आपोआप उलटते आणि शेवटचे उत्तर देताच सारी प्रश्नावली रवाना होते. यात एक टिचकी वाचते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु चुकून 'नाही'वर बोट पडले तर? मागे जाण्याची सोय नसेल, तर ती चूकच आपले मत म्हणून नोंदली जाते.

अंध माणसाची अडचण याहून मोठी. पडद्यावरील मजकूर त्याला संगणक वाचून दाखवितो. कळफलकावरील बाणाच्या कळीने तो एकेक पर्याय ऐकत खाली जातो. पण ही कळ दाबली, की पुढला पर्याय बहुधा निवडलाही जातो! तेवढ्यावरच पान उलटले, तर उरलेले पर्याय त्याच्या कानी पडतच नाहीत. म्हणूनच 'वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम'ने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या सुगम्यतेच्या नियमांत, केवळ पर्याय निवडल्याने पान बदलू नये, बदलणार असल्यास आधी सांगावे, असे म्हटले आहे.

आम्ही म्हणतो, 'पुढे' आणि 'सादर करा' ही दोन बटणे राहू द्यावीत. मत ज्याचे, ते केव्हा स्वाधीन करावयाचे हे ठरविण्याचा अधिकारही त्याचाच.