सूर्याच्या उष्णतेवरचा स्वयंपाक



पुढचे जग कसे असेल याची चित्रे माणूस पूर्वीपासून रंगवीत आला आहे. त्यात ज्यूल व्हर्नचे नाव सर्वांना ठाऊक असते. पण असेच एक चित्र १९०५ साली बंगालमधील एका पर्दानशीन मुस्लिम बाईंनी रंगविले. त्यांचे नाव बेगम रुकय्या सखावत हुसेन. थोरल्या भावाने रात्री, घर निजल्यावर, मेणबत्तीच्या उजेडात त्यांना इंग्रजी शिकविले. त्याच इंग्रजीत लिहिलेली त्यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही गोष्ट मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझीन’मध्ये छापून आली.

सुलताना स्वप्नात स्त्रियांच्या देशात जाते. तेथील स्वयंपाकघरात धूर नाही, कोळसा नाही. सूर्याच्या उष्णतेवर अन्न शिजते. शेतीला वीज, प्रवासाला हवाई गाडी! राइट बंधूंचे विमान उडून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. ढगांतले पाणी नळ्यांनी खाली आणण्याची युक्तीही आहे. या साऱ्या शोधांचे मूळ काय? राणीने मुलींसाठी शाळा काढल्या, एकवीस वर्षांच्या आत लग्नास बंदी केली, आणि स्त्रियांची दोन विद्यापीठे निघाली. पुरुष मात्र मर्दान्यात बसून आहेत. (समोरच्या बाकांवरील मंडळींनी रागावू नये, गोष्ट विनोदाची आहे.)

बेगमसाहेबांच्या वाट्याला आलेली खरी दुनिया निराळी होती. पतीच्या निधनानंतर १९०९ साली भागलपुरात त्यांनी पाच मुलींवर शाळा सुरू केली. १९११ मध्ये ती कलकत्त्यास आणावी लागली. तेथे मुली आठ. पुढे शाळेला बस मिळाली, पण पर्द्यासाठी ती चहूकडून इतकी बंद की आत मुलींना भोवळ येई, उलट्या होत. मग पडदे लावले, तर पडदे वाऱ्याने उडतात म्हणून तक्रारीची पत्रे आली! हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १९३२ मध्ये त्या वारल्या. शाळा कलकत्त्यात आजही चालू आहे.

गोष्ट फार मोठी नाही, इंग्रजीही सोपे आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर नववी-दहावीच्या मुलींकडून मी ती वाचून घेणार आहे. पालकहो, त्या दिवशी मुलगी अर्धा तास उशिरा घरी आली, तर तिला रागावू नका, एवढीच विनंती.